वलगाववालीचा राग

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत मी जी काही माणसे पाहिली, त्यांत रागावण्याचा खरा अधिकार एकाच बाईला होता, असे माझे ठाम मत आहे; आणि ती बाई रोज सकाळी आमच्या मागच्या दाराशी डोक्यावर फुलांची पाटी घेऊन उभी राहत असे. बाकीचे लोक नुसते चिडतात. माझे वडील वकील होते; ते कोर्टात ठरवून चिडत आणि घरी आले की विसरून जात. माझी आत्या स्वयंपाकघरात चिडे, पण तिच्या चिडण्याच्या तळाशी भीती असे. ही बाई मात्र एखाद्या गवयाने सूर लावावा तशी रागावे. आधी पाटी शांतपणे खाली ठेवायची, पदर कमरेला खोचायचा, घसा साफ करायचा आणि मग सुरू. ती वलगावची, म्हणून सगळी आळी तिला वलगाववाली म्हणे. तिचे खरे नाव काय, हे आम्ही कोणी कधी विचारले नाही, आणि ह्या गोष्टीचा मला आज जितका राग येतो तितका तिलाही कधी आला नसेल.

तिचा नवरा वांगी-मेथीने भरलेली बैलबंडी घेऊन पहाटे वलगावहून निघे. बाजाराशी तो थांबे आणि ही फुलांची पाटी घेऊन पायी आमच्या भागात येई. आळीच्या तोंडाशी तिचा आवाज आला की आम्हाला कळे की आज पहिला नंबर कोणाचा लागला आहे. कधी सूर्याचा, कारण तो थंडीत उशिरा उगवे आणि कळ्या उमलत नसत. कधी बैलाचा. कधी साक्षात महादेवाचा. "ह्याले बेलाच्या पानावर भागते म्हून कोनी फूल देत नाई, आन् हा बी मुका! मांगत काहून नाई?" असे ती महादेवाच्या देवळासमोर उभी राहून विचारत असे आणि आतला पुजारी महादेवाच्या वतीने मान खाली घाली. गिऱ्हाइकाला फुले देण्याआधी ती देवघराच्या खिडकीतून आत डोकावे. कालचे निर्माल्य तसेच दिसले तर त्या घराला त्या दिवशी एक पाकळी मिळत नसे. "कालचं उचललं नाई आन् आजचं मांगून राह्यल्या! देवघर हाय का गोदाम?"

एकदा शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या बागायतदाराचे आमच्या आळीत लग्न होते. नवरदेवाचे हे तिसरे लग्न, वय पन्नाशीच्या पुढे. मुलगी सोळा वर्षांची. हार आणि मुंडावळ्या वलगाववालीने आदल्या दिवशी सांगितल्याप्रमाणे आणल्या होत्या. मांडवात हार ठेवता ठेवता तिची नजर नवरदेवावर गेली. ठेवलेले हार तिने एकेक करून परत पाटीत भरले, पाटी डोक्यावर घेतली आणि चालू लागली. मुलीचा मामा मागे धावला. तेव्हा ती वळून म्हणाली, "म्हाताऱ्याले फुलंच पायजेत ना? मंग थोडा दम धरा म्हना. मी सोता घेऊन येतो!" लग्न तुळशीच्या माळांवर लागले. नंतर महिनाभर आमच्या आळीतले पुरुष तिला पाहिले की वर्तमानपत्र तोंडापुढे धरत.

एवढा राग, पण तो स्वतःसाठी तिने एकदाही खर्च केलेला मला आठवत नाही. एका सकाळी मोकाट गाईने तिची अख्खी पाटी फस्त केली. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. ती गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "खाय माय, भुकेली असशीन." दुसऱ्याच्या वाट्याला आलेला अन्याय मात्र तिला लांबून कळे. तिचे नाक तर विलक्षण होते. दारात उभी राहून ती सांगे, "आज तुमच्या इहिरीचं पानी बदललं," आणि खरोखर विहिरीत कबूतर मेलेले सापडे.

आता आत्याबद्दल सांगितले पाहिजे. आत्या परतवाड्याला नांदत होती. तिथे पटकीच्या साथीत एका दिवसात तिचा नवरा आणि चार वर्षांचा मुलगा गेले. सकाळी दोघे जेवले होते आणि दुसऱ्या सकाळी घरात ती एकटी होती. ती आमच्याकडे आली ती कायमची. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. मला वाढवले ते आत्यानेच. ती घर धुई, पुसे, सारवी, पुन्हा पुसे. लोक तिला सोवळ्याचे वेड आहे म्हणत. मला वाटते, ती सोवळे पाळत नव्हती, पहारा देत होती.

माझे लग्न होऊन मी अकोल्याला गेले, त्यानंतरच्या वर्षी अमरावतीच्या आजूबाजूला पुन्हा पटकी आली. विहिरींत ब्लिचिंग पावडर टाकली गेली आणि साथ हटली. हे आत्याने डोळ्यांनी पाहिले. वीस वर्षे ज्या शत्रूशी ती नुसत्या हातांनी लढत होती, त्याच्यावर चालणारे हत्यार तिला दिसले. तिने वडिलांच्या मागे लागून औषधांच्या दुकानातून त्या पावडरचा भलामोठा डबा आणवला. आधी मोरीत, मग अंगणात, मग स्वयंपाकघरात, मग देवघरात. घरातल्या लुगड्यांचे काठ पांढरे पडले, आत्याच्या बोटांची सालपटे निघाली, पण ती हटेना. बरे, जुने सोडून नवे धरले असे तिने केले नाही. पावडरने पुसून झाले की त्यावर मडक्यात साठवलेले गोमूत्र शिंपडायचे, म्हणजे विज्ञानही राहिले आणि शास्त्रही राहिले. देव चिंचेने घासायचे तेही त्याच ओल्या फरशीवर. घरात पाऊल टाकले की नाकात सुई टोचल्यासारखे होई.

पहिला खटका उडाला तो फुलांवरून. देवघरात वाहिलेली लाल जास्वंद दुपारपर्यंत पिवळट पांढरी पडू लागली. आत्या म्हणाली, "वलगाववाली शिळी फुलं आणते."

हे वाक्य ज्या दिवशी वलगाववालीने ऐकले, त्या दिवशी आळीतली कुत्रीसुद्धा गप्प होती म्हणतात. मी तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी आले होते, म्हणून पुढचे मी पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी तिने एकाच झाडाची, एकाच वेळी खुडलेली सहा फुले आणली. तीन शेजाऱ्यांच्या देवाला वाहायला लावली, तीन आमच्या. त्या दिवशी ती वलगावला परत गेली नाही, ओट्यावर बसून राहिली. दुपारी दोन्हीकडची फुले एका पानावर ठेवून ती वडिलांच्या बैठकीच्या दारात आली. तीन फुले लालभडक होती आणि तीन कागदासारखी.

"वकीलसाहेब, पाह्य जरा. फूल तेच, झाड तेच. मंग तुमच्याच घरात हे काहून मरून राह्यलं? तुमच्या घरातली हवा खराब हाय."

वडिलांनी चष्म्यातून पाहिले आणि पक्षकारांकडे बघून हसले. म्हणाले, "बाई, फुलांची साक्ष कोर्टात चालत नाही." पक्षकारही हसले. आणि आतल्या दाराशी उभी राहून मीही हसले. त्या हसण्याची फेड मला लवकरच करावी लागली.

पौषाच्या थंडीत मला मुलगी झाली. आमच्या घरातली बाळंतिणीची खोली म्हणजे एक दार आणि एक खिडकी. वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या, कोपऱ्यात शेगडी, आणि त्या बंद पेटीत सकाळ-संध्याकाळ आत्याची पावडर आणि त्यावर गोमूत्र. माझ्या घशात काटे उभे राहत. डोळ्यांतून पाणी थांबत नसे. एका पक्षकाराने पाठवलेली संत्र्यांची टोपली माझ्याच खोलीत ठेवली होती. ती सोलली की सुवासाऐवजी खोलीतली हवा आणखी जड आणि धुरकट वाटे. मुलगी आधी शिंकायची, मग खोकू लागली. इतक्या लहान जीवाचा खोकला तुम्ही ऐकला आहे का? तो खोकल्यासारखा नसतो. कोणीतरी आत कागद फाडत आहे असे वाटते.

मी सांगितले. "आत्या, ह्या वासाने होतंय." आत्या म्हणाली, "वासानं कुणी मरत नाही, पटकीनं मरतात." वडिलांना सांगितले. ते दाराबाहेरूनच म्हणाले, "आत्या तुझ्यासाठी रात्रंदिवस खपते आहे आणि तू तक्रार करतेस?" गावातले एक डॉक्टर आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले, सर्दी आहे म्हणाले आणि खिडकीच्या फटी नीट बंद करा असे सांगून गेले. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला आयुष्यात इतका संताप कधी आला नव्हता. पण आम्हा घरंदाज मुलींना संताप आला की आम्ही भिंतीकडे तोंड करून निजत असू. मी भिंतीकडे तोंड करून निजले.

बारसे होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी आत्याने फरशी पुसली, गोमूत्र शिंपडले, दार लोटले आणि ती विहिरीवर गेली. मुलीला खोकल्याची उबळ आली ती थांबेना. तिचे ओठ निळसर दिसू लागले. मला हाक मारायची होती, पण घशातून आवाज निघेना. मागच्या दाराशी वलगाववाली आली होती. तिचा आवाज ऐकू आला, "हे काय खोकून राह्यलं व? मांजर हाय का लेकरू?" कोणी उत्तर दिले नाही. मग पावले ऐकू आली, आणि ज्या खोलीत आत्या स्वतः धुतल्या वस्त्राशिवाय येत नसे त्या खोलीचे दार वलगाववालीने चिखलाच्या पायांनी लाथ मारून उघडले.

ती दारातच खोकली. "आगं माय! हे खोली हाय का चुलीचं धुराडं?" एवढेच बोलली. मग एका हाताने खिडकीतल्या चिंध्या उपसून फेकल्या, खिडकी सताड उघडली, मुलीला उचलले आणि दुसऱ्या हाताने माझे मनगट धरून मला ओढत अंगणात नेले. मी उन्हात जमिनीवर बसले. तिने मुलीला छातीशी उपडे धरून पाठ चोळली. एक मिनिट गेले असेल, मला ते वर्षासारखे वाटले. मग मुलीने मोठा श्वास घेतला आणि टाहो फोडला. इतके गोड रडणे मी पुन्हा ऐकले नाही.

ह्यानंतर त्या बाईचे पाय धरायला हवे होते. आमच्या घराने काय केले ते सांगते. आत्या कळशी टाकून धावत आली आणि ओरडली, "तू बाळंतिणीच्या खोलीत शिरलीस? बाहेरची सगळी घाण पायाला लावून?" वडील लेखणी हातात घेऊन बाहेर आले. त्यांनी आधी पक्षकार बघतात का ते पाहिले आणि मग म्हणाले, "उद्यापासून तुझी फुलं नकोत. मुलीला खाली ठेव आणि जा."

"नाई ठेवत," वलगाववाली म्हणाली. तिने पदर खोचला. "आधी ते खोली मोकयी करा, मंग लेकरू देतो. वकीलसाहेब, तुमी शिकले-सवरलेले! तुमाले फुलं दाखवली, तुमी हसले. तुमची पोरगी तोंडानं सांगून राह्यली, तिचं नाई ऐकलं. हे लेकरू आपल्या जिवानं सांगून राह्यलं. आता कोनाची साक्ष पायजे तुमाले?"

वडिलांनी हातातल्या लेखणीकडे पाहिले. आत्या मात्र खोलीत गेली. खोली बाटली होती, शुद्ध करायला हवी होती. तिने खिडकी लावली, आतून दार लावले, डब्यातली उरलेली सगळी पावडर फरशीवर ओतली आणि त्यावर गोमूत्राचे अख्खे मडके रिकामे केले. आम्हाला बाहेर फडक्याचा आवाज ऐकू येत होता. मग खोकला ऐकू आला. मग बादली पडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर काहीच नाही.

वडील "अक्का, अक्का" करत दाराबाहेर उभे राहिले. वलगाववालीने मुलीला माझ्या मांडीत टाकले, रांजणात पदर बुडवून नाकातोंडाला बांधला आणि खांद्याने धडका देऊन दाराची कडी उखडली. आत्याला काखेत धरून तिने फरफटत बाहेर आणले. आत्याचे डोळे उघडे होते, पण श्वास शिटीसारखा वाजत होता. तासभर ती बाई आत्याला मांडीशी टेकवून पाटीवरच्या ओल्या फडक्याने वारा घालत बसली आणि तासभर तिला शिव्या देत होती. "मर, मर! घर सोच्छ ठेवता ठेवता मर! कोनाले दाखवाचं हाय तुले? मरून गेलेल्याले?" हे शेवटचे वाक्य ऐकल्यावर आत्या रडू लागली. इतक्या वर्षांत तिला रडताना मी प्रथम पाहिले. वलगाववाली शिव्या द्यायची थांबली नाही, फक्त आवाज खाली आणला.

दुपारी कॅम्पातले एक म्हातारे डॉक्टर आले. त्यांनी खोलीच्या दारातून नुसते हुंगले आणि मागे सरले. वडिलांना त्यांनी शाळकरी मुलाला सांगावे तसे सांगितले. पावडर विहिरीत चांगली, मोरीत चांगली. तिच्यावर चिंचेसारखे आंबट पडले की तिच्यातला विषारी वायू मोकळा होतो. शिळ्या गोमूत्रात नवसागरासारखा जो झोंबरा अंश असतो त्याच्याशी ती मिसळली की आणखी वेगळा वायू होतो, आणि बंद खोलीत हे सगळे भरून राहते, फुप्फुसात उतरते. "फरशी स्वच्छ होते, वकीलसाहेब, पण हवेला कोण पुसणार?" ते म्हणाले. मी संत्र्यांचे विचारले तर म्हणाले, "असेलही, मुली. हवेत काय काय होतं ते सगळं आम्हाला तरी कुठे कळलंय?" वलगाववाली ओट्यावरून हे ऐकत होती. तिला आनंद झालेला दिसला नाही. तिने पाटी उचलली आणि ती निघून गेली.

वडिलांनी कारकुनाबरोबर लुगडे आणि नारळ वलगावला पाठवला. ते दोन्ही परत आले, निरोपासकट: "लुगडं नको. मानूस पाठवा." वडील गेले नाहीत. पुढे पंधरा वर्षे ते जगले, शेकडो दावे जिंकले, पण 'माझे चुकले' हे दोन शब्द त्यांना जमले नाहीत. ते वारले तेव्हा मी रडले, आणि तरीही ह्या एका गोष्टीबद्दल मी त्यांना अजून क्षमा केलेली नाही.

वलगावला गेली ती आत्या. मुलीला सव्वा महिना झाला, माझे अकोल्याला निघायचे ठरले, तेव्हा ती एका सकाळी म्हणाली, "दमणी सांग. वलगावला जायचंय." तिचा आवाज त्या दिवसापासून घोगरा झाला होता तो तसाच राहिला. बैलांच्या दमणीतून आम्ही वलगाववालीच्या मळ्याच्या कुंपणाशी पोचलो तेव्हा ऊन चढले होते. वलगाववाली शेवंतीच्या वाफ्यात उभी होती. आत्याला बघून ती कडाडली, "उन्हाची काहून आलीस व बुढे? धड श्वास नाई तुले आन् गावं फिरून राह्यली!"

आत्या कुंपणाला धरून उभी राहिली. तिला बोलायला वेळ लागला. मग म्हणाली, "तुझी फुलं शिळी नव्हती. मी खोटं बोलले."

वलगाववाली विहिरीकडे गेली, लोटाभर पाणी शेंदून आणले आणि सवयीने दूर, दगडावर ठेवायला वाकली. आत्याने पुढे होऊन तो लोटा तिच्या हातातूनच घेतला, आणि सगळे पाणी तिथेच उभ्याने पिऊन टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी आळीच्या तोंडाशी ओरडा ऐकू आला. बैलाचा नंबर लागला होता.

मी अकोल्याला आले आणि संसारात गुंतले. वडील गेले, आत्याही गेली. त्यानंतर तीन-चार वर्षांनी मुलीला घेऊन मी वलगावला गेले. मुलगी तेव्हा कॉलेजात शिकत होती. वलगाववाली बाजेवर बसली होती, अगदी लहानशी झालेली. सून वाफ्यातल्या कच्च्या कळ्या ओरबाडत होती आणि ती "असू दे" म्हणत होती. तिला दिसत कमी होते आणि आठवत त्याहून कमी. मी अमरावतीच्या वकिलाची मुलगी, हे चारदा सांगितले. ती सौम्यपणे म्हणाली, "असन माय."

मला राहवेना. मी तिला त्या सकाळची सगळी हकीकत सांगितली, पहिल्यापासून. फक्त 'तुम्ही' म्हणायच्या जागी 'एक बाई' म्हटले. ती हनुवटी हातावर टेकून, परक्याची गोष्ट ऐकावी तशी ऐकत होती. दाराला लाथ मारल्याचे ऐकून मान डोलावली. मी थांबले तेव्हा तिने विचारले, "मंग? लेकरू वाचलं का व?"

"वाचलं," मी म्हटले. "हे काय, तुमच्यापाशी बसलंय."

तिने मुलीच्या तोंडावरून हात फिरवला. मग तिच्या कपाळावर आठी चढली. तिने पदर ओढून कमरेशी नेला, थरथरत्या बोटांना तो खोचता येईना तो नाद सोडला, आणि घसा साफ केला.

"आन् घरात एवढे मानसं असून कोनी एक खिडकी उघडली नाई? कसे लोक होते व थे?"

मी तिच्या पायाशी बसले होते. मान खाली घालून म्हटले, "तसेच होते."